चवथीचं सामान भाद्रपदात बंद करू नका: सणांची सजावट वर्षभर नीट ठेवण्याची पद्धत

गोव्यात सजावटीच्या सामानाचा खरा शत्रू ओल, आणि बहुतेक वेळा ती आपणच डब्यात भरून ठेवतो. दीड किंवा पाच दिवसांचा गणपती पोचवला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पणजी, वास्को, मुंबई, पुणे गाठायचं असतं. मूळ घराला कुलूप लागणार असतं. मग मखराचं कापड, दिव्यांच्या माळा, तोरणं, समया असं सगळं एका रात्रीत पिशव्यांत कोंबून माळ्यावर जातं. बाहेर पाऊस चालूच असतो. पुढच्या चवथीला पिशवी उघडली की कुबट वास येतो, सॅटिनवर काळे ठिपके दिसतात, माळेचा प्लग हिरवा पडलेला असतो, आणि पुन्हा खरेदी होते.

म्हणून हे काम दोन हप्त्यांत करायचं. उतरवणं, पुसणं आणि कच्ची बांधणी भाद्रपदात. डबे घट्ट बंद करणं हवा कोरडी झाल्यावर, म्हणजे तुळशीच्या लग्नापासून माघापर्यंत केव्हाही. घर बंद राहणार असेल तर तुळशीच्या लग्नाला किंवा नाताळच्या सुट्टीत एक फेरी मारावी लागेल. ती फेरी टाळून हे काम नीट होत नाही, हे आधीच सांगते.

## १. उतरवण्याआधीची तयारी

सजावट पूर्ण असतानाच मोबाइलवर फोटो काढा: एक समोरून, एकेक दोन्ही बाजूंनी, आणि मखराच्या मागच्या बाजूने एक. मागचा फोटो सगळ्यांत महत्त्वाचा, कारण कुठली वायर कुठून नेली आणि कुठली पट्टी कुठल्या खाचेत बसली ते तिथेच दिसतं. फोटो घरच्या ग्रुपवर टाका. पुढच्या वर्षी मखर उभारणारा माणूस वेगळा असू शकतो.

जवळ घ्यायचं सामान: सुती जुनी फडकी (धुऊन वाळवलेली), जुना मऊ टूथब्रश, मार्कर पेन, मास्किंग टेप, सुतळी, जाड पुठ्ठ्याचे तुकडे, बटर पेपर, छोट्या झिपच्या पिशव्या, दोन-तीन सुपं किंवा परड्या. सेलोटेप आणि रबरबँड यातून वगळा. उष्म्याने दोन्ही चिकट होतात आणि वस्तूला धरून बसतात. चांदीच्या वस्तूला तर रबरबँड कधीच लावू नये; रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

## २. उतरवण्याचा क्रम

सगळीकडे गोंधळ होतो तो इथे. चार जण चार बाजूंनी ओढायला लागतात आणि माळ तुटते. क्रम असा ठेवा:

१. आधी वीज. सगळे प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा. जुने मिरची बल्ब गरम असताना हाताळले की फुटतात.

२. मग निर्माल्य, फुलं, आंब्याची पानं, केळीचे खुंट. यांचं पाणी खाली गळत असतं, म्हणून कापडाला हात लावण्याआधी हे बाहेर जायला हवं.

३. मग माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीची, फळं-भाज्या आणि वाटप.

४. त्यानंतर दिव्यांच्या माळा. अडकवलेल्या शेवटच्या टोकाकडून सुरुवात करा, प्लगकडे या.

५. मग कागदी आणि नाजूक वस्तू.

६. कापड.

७. सगळ्यांत शेवटी मखराचा सांगाडा.

प्रत्येक पट्टी सुटी करण्यापूर्वी तिच्यावर मास्किंग टेप लावून खूण करा: डावी १, डावी २, वरची कमान. स्क्रू आणि खिळे झिपच्या पिशवीत घालून त्याच पट्टीला सुतळीने बांधा. सगळे स्क्रू एका बरणीत टाकायची सवय सोडा.

सावधान: लाकडी खुंटी किंवा सांधा निघत नसेल तर हातोडी मारू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं. जी खुंटी बसवताना दोन बोटांनी गेली, ती आठ दिवस दमट हवा खाऊन खाचेत घट्ट रुतते. ठोकली तर खाचेचा कान उडतो. तेवढा भाग जोडलेलाच ठेवा. डिसेंबरात हलक्या हाताने निघेल.

## ३. काय ठेवायचं नाही

खाण्याचा एक कणही सजावटीच्या डब्यात जाता कामा नये. कलशाखालचे तांदूळ, अक्षता, सुपाऱ्या, नारळ, पाटावर सांडलेला पंचखाद्याचा चुरा, तुपाचा ओघळ लागलेलं वस्त्र: यांच्या वासाने मुंग्या, पोरकिडे आणि मागोमाग उंदीर येतात. उंदराला वायरचं आवरणही चालतं.

माटोळी बांधलेले केवणीचे (एका रानझुडपाच्या सालीचे) दोर टाकून द्या. ते दरवर्षी ताजेच आणायचे असतात, वाळले की कडक होऊन तुटतात. सुंभ चांगला असेल तर वाळवून ठेवा.

थर्माकोलचं जुनं मखर असेल तर त्यावर आता जीव लावू नका. १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. तुकडे होऊ लागलेलं थर्माकोल सुक्या कचऱ्यात द्या. परसात जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो.

## ४. जिन्नसाप्रमाणे सफाई

माटोळीची चौकट. फळांचा चीक, नारळाचं पाणी, हळद-कुंकू हे सगळं तिच्यावर गळलेलं असतं. घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्या फडक्याने पुसा. दोर गुंडाळलेल्या जागा नखाने चाचपून बघा, चीक तिथे साठतो. मग पडवीत उभी करून वाळवा. कडक उन्हात टाकलेलं फणसाचं लाकूड तडकतं, म्हणून सावलीतला वारा बरा. ज्या घरांत माटोळी वर्षभर छताला टांगलेलीच असते तिथे ती तशीच राहू द्या. चारी बाजूंनी हवा लागते, याहून चांगली साठवण नाही. फक्त पुसायला विसरू नका.

कापड. कोरडं कुंकू आधी ब्रशने झटका. ओल्या फडक्याने चोळलंत तर रंग धाग्यात उतरतो. समईच्या तेलाच्या डागावर टाल्कम पावडर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झटकून भांड्याच्या साबणाने धुवा. डाळीचं पीठ वापरू नका, कण राहिले तर किडीला खाद्य. हळदीच्या डागाला साबण लागला की तो एकदम लाल होतो आणि माणूस घाबरतो. घाबरायचं कारण नाही. भरपूर पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा होतो, आणि नंतर उन्हात वाळत घातला की फिकट होत जातो. ठेवणीच्या कापडाला खळ किंवा स्टार्च करू नका. कसरीला तो फार आवडतो. इस्त्री करायची तर वापरायच्या दिवशी करा.

जरीचं वस्त्र घरी धुऊ नका. झटका, हवेवर टाका, मऊ सुती कापडात गुंडाळा, आणि दर वेळी घडी वेगळ्या जागी घाला, नाहीतर एकाच रेषेवर जर तुटते.

पितळ आणि तांबं. चिंच किंवा पावडर लावून घासल्यावर धुणं अर्धवट झालं की त्या आंबटानेच हिरवे डाग येतात. समईचे भाग सुटे करा. मळसूत्राच्या आटीत, म्हणजे जिथे एक भाग दुसऱ्यात पिळून बसतो तिथे, पाणी अडकून राहतं. टूथब्रशला कोरडं फडकं गुंडाळून ती आटी पुसा. सगळे भाग सुटेच वाळवा आणि सुटेच ठेवा. घट्ट पिळून ठेवलेली समई पुढच्या वर्षी दोघांनी धरूनही उघडत नाही.

दिव्यांच्या माळा. उतरवल्यावर माळ जमिनीवर पसरून एकदा लावून बघा. बंद बल्ब आत्ताच बदला. सीरिजच्या जुन्या माळेत एक गेला की सगळी ओळ जाते, आणि वर्षभराने कुठला गेला ते शोधण्यात दुपार जाते. वायर बोटांतून सरकवत न्या. आवरण सोललेलं, चावलेलं किंवा ठिसूळ वाटलं तर माळ टाकून द्या, टेप गुंडाळून चालवू नका. प्लगच्या पिना कोरड्या फडक्याने चोळून पुसा. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने त्या लवकर हिरव्या पडतात.

गुंडाळताना कोपर आणि पंजा यांवर वेटोळं घेऊ नका, त्याचा हमखास गुंता होतो. हातभर लांबीचा जाड पुठ्ठा घ्या, दोन्ही टोकांना खाच पाडा आणि माळ सैल गुंडाळा. शेवटचं टोक आत, प्लग बाहेर. असं केलं की न सोडताही माळ लागते का ते क्षणभर बघता येतं. गुंडाळलेली माळ जास्त वेळ चालू मात्र ठेवू नका, तापते.

सेलवर चालणारे दिवे. सेल काढा. हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि सगळे विसरतात. आत पांढरं किंवा हिरवं साचलेलं दिसलं तर तो सेलमधून गळलेला क्षार आहे. हातमोजे घाला, कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब व्हिनेगर घेऊन पुसा, मग ओल्या आणि शेवटी कोरड्या बोळ्याने.

आकाशकंदील. होल्डर आणि वायर काढून माळांबरोबर ठेवा. कागद मऊ ब्रशने झटका. बांबूच्या कामट्यांखाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर तो किडा आहे. तो कंदील बाकीच्यांत मिसळू नका, सांगाडा टाकून द्या.

नाताळचे स्टार आणि गोठा. ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की ही सजावट उतरते. त्यांचं नशीब चांगलं, कारण तेव्हा हवा वर्षातली सगळ्यांत कोरडी असते. उतरवून चार दिवसांत थेट पक्की बांधणी करता येते. गोठ्यातलं गवत, शेवाळ, पेरलेलं धान्य ठेवू नका. मातीची चित्रं (मूर्ती) एकेक करून मऊ कागदात गुंडाळा; कच्च्या मातीची असतील तर ओलं फडकं लावू नका, ब्रश पुरे. कागदी स्टारच्या पाकळ्या मूळ घडीवरच मिटा, उलट दाबू नका.

पुजेतलं कागदी चित्र. काही घरांत मूर्तीच्या जागी कागदावरचा गणपती पुजला जातो. ते चित्र लॅमिनेट करू नका. ओल आत कोंडते, आणि नंतर चित्र सोडवता येत नाही. बटर पेपरच्या दोन थरांत सपाट ठेवा, वर वजन नको. तसबीर असेल तर मागचा पुठ्ठा काढून वाळवा, आणि भिंतीला टेकवून ठेवू नका.

## ५. वाळवणं आणि कच्ची बांधणी

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते. त्या हवेत कापड हाताला कोरडं लागतं, पण असत नाही. लाकूड, पुठ्ठा, कागद, सुती कापड हे सगळे हवेतली ओल पिऊन बसलेले असतात. अशी वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात गेली की थंड रात्री तीच ओल आत सुटते आणि बुरशीला हवं ते सगळं मिळतं. म्हणजे भारी, हवाबंद डबा भाद्रपदात वापरला तर तो साध्या टोपलीपेक्षा वाईट.

तेव्हा विसर्जनानंतर करायची ती कच्ची बांधणी. कापडं जुन्या सुती साडीत किंवा चादरीत सैल बांधा. कागदी वस्तू सुपात किंवा परडीत, वरून पातळ सुती कापड. मखराच्या पट्ट्या खाटेवर किंवा बाकावर, मध्ये काड्या घालून, एकमेकींना न चिकटवता. माळा पुठ्ठ्यासकट खुंटीला टांगलेल्या. प्लॅस्टिकची पिशवी कुठेही नाही. खोली अशी निवडा जिथे पंखा फिरवता येतो आणि पाऊस नसताना खिडकी उघडता येते. घर बंद करून जाणार असाल तर हे गाठोडं शक्यतो बरोबर शहरातल्या घरी न्या. राहत्या घरात माणसं वावरतात, हवा फिरते. निदान कापड आणि विजेच्या वस्तू तरी न्या, लाकूड मागे राहिलं तर चालेल.

मग नवरात्र सरलं, पावसाने पाठ फिरवली की खरं वाळवण. कापडाला सकाळचं ऊन. रंगीत कापड उलटं करून. कागद, जर आणि रंगवलेलं लाकूड सावलीत, वाऱ्यावर. ऊन उतरायच्या आत सगळं घरात घ्या, संध्याकाळचं दव दिवसभराचं काम धुऊन नेतं. उन्हातून आणलेलं लगेच बंदही करू नका. खोलीत निवू द्या.

तपासणी: वस्तू, किंवा मोठी असेल तर तिचा एक भाग, पारदर्शक पिशवीत घालून तोंड बांधा आणि दोन तास उन्हात ठेवा. पिशवीला आतून वाफ धरली तर अजून ओल आहे. परत वाळत घाला.

बुरशी आधीच दिसत असेल तर: ती घरात झटकू नका. अंगणात, नाकाला मास्क बांधून ब्रशने काढा. लाकूड पांढऱ्या व्हिनेगरच्या फडक्याने पुसा आणि पुन्हा पूर्ण वाळवा. गावठी विनागर (माडाच्या सुरेचं व्हिनेगर) यासाठी नको, त्यातल्या अंशांवर उलट बुरशी धरते. बुरशीवर रंग मारला तर ती रंगासकट वर येते.

## ६. पक्की बांधणी

कार्तिकी ते माघ, सकाळी अकरा ते तीनच्या मधली वेळ. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र घरात असेल तर खोलीत ६० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आकडा आल्यावर डबे भरायला घ्या.

डबे कुठले? पारदर्शक, जाड प्लॅस्टिकचे, क्लिपच्या झाकणाचे. आतलं दिसतं आणि उघडझाप कमी होते. पुठ्ठ्याची खोकी आपल्या हवेत वापरू नका. ती स्वतः ओल शोषतात आणि कसर-वाळवीचं घर होतात. पत्र्याची पेटी चालते, पण आतून गंजलेली नसावी आणि खाली लाकडी फळ्या हव्यात.

जड खाली, हलकं वर, हे सगळे करतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रकार मिसळू नयेत. विजेचं एका डब्यात, कापड दुसऱ्यात, धातू तिसऱ्यात, कागद चौथ्यात. तेलकट समई आणि जरीचं वस्त्र एकत्र गेलं की वस्त्र जातं.

ओल शोषायला सिलिका जेल घ्या. चाळीस-पन्नास लिटरच्या डब्याला शंभर-दीडशे ग्रॅम, सुती पुरचुंडीत. रंग बदलणारं आणा, त्यातही नारंगी. ओल प्यायल्यावर ते हिरवट होतं. निळं जेल गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्टचं संयुग असतं, म्हणून ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये. तांदळाची पुरचुंडी फारशी ओल ओढत नाही आणि किडे आणते. आगरातलं खडेमीठ तर पावसाळ्यात स्वतःच पाणी होतं. पितळेच्या डब्यात ते म्हणजे सत्यानाश. पाणी साठवणाऱ्या तयार पुड्या कपाटात टांगायला ठीक, आडव्या झाल्या की गळतात, म्हणून डब्यात नकोत.

डांबराच्या गोळ्या घालत असाल तर: कापराबरोबर कधीच ठेवू नका, दोन्ही मिळून पातळ होतात आणि कापडावर डाग पडतो. थर्माकोल आणि काही प्लॅस्टिकच्या वस्तू त्यांच्या वाफेने मऊ पडतात. घरात तान्हं बाळ असेल तर या गोळ्या अजिबात नकोत, काही बाळांच्या रक्तावर त्यांचा परिणाम होतो. माझं मत विचाराल तर वाळवण नीट झालं असेल आणि डबा घट्ट असेल तर गोळ्यांची गरज उरत नाही.

## ७. डबे कुठे ठेवायचे

कौलांखालचा माळा सगळ्यांना सोयीचा वाटतो, आणि तीच वाईट जागा. एप्रिल-मेमध्ये तो भट्टीसारखा तापतो, मेणबत्त्या वाकतात, हॉट ग्लूने चिकटवलेले मणी सुटतात. जूनमध्ये एखादं कौल सरकलं की थेट डब्यावर धार. माळ्याशिवाय गत्यंतर नसेल तर तिथे फक्त लाकूड आणि धातू ठेवा.

चिऱ्याच्या भिंतीला डबा टेकवू नका, चार बोटं अंतर सोडा. जमिनीवरही नको, ओल जोत्यातून चढते. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम-दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती टाळा आणि घराच्या आतल्या भिंतीलगतची जागा निवडा. न्हाणीघराला लागून असलेली कोठी नको. राहत्या खोलीतल्या पलंगाखालची जागा पुष्कळदा सर्वांत बरी निघते.

## ८. यादी आणि मधल्या दोन तपासण्या

प्रत्येक डब्यावर दोन बाजूंना लिहा: सण, आत काय, किती. "चवथ, विजेचं, माळा ६, होल्डर ३" एवढं पुरे. तीच यादी झाकणाच्या आतून चिकटवा आणि फोटो काढून ग्रुपवर टाका. काय बदलायचं आहे तेही तिथेच लिहा; सप्टेंबरात आठवत असतं, ऑगस्टात आठवत नाही.

पहिली तपासणी मे महिन्यात, आंब्या-फणसाला गावी जाल तेव्हा. डबे उघडून वास घ्या, जेलचा रंग बघा. बदललेला असेल तर ते जुन्या, स्वयंपाकात न येणाऱ्या ताटलीत पसरून दोन दिवस कडक उन्हात ठेवा आणि रंग परतल्यावर पुन्हा भरा. ऊन पुरलं नाही तर नवं घाला. पहिला पाऊस पडल्यावर विजेचा सोडून बाकीचे डबे उघडू नका.

दुसरी श्रावणात, चवथीच्या तीन आठवडे आधी. तेव्हा फक्त विजेचा डबा काढा. प्रत्येक माळ पसरून दहा मिनिटं चालू ठेवा, प्लग हाताला गरम लागतो का बघा. लागला तर ती माळ मखरावर चढवू नका. नवी घ्यायची असेल तर म्हापसा-फोंड्याच्या बाजारात चवथीची गर्दी सुरू व्हायच्या आत घ्या, आणि दुकानातच लावून बघून घ्या.